बावीस महिन्यांचं लेकरू, मोबाईलशिवाय घास नाही आणि रात्री बारापर्यंत जागं: सुरुवात कुठून करायची?

ताई, तुमचा प्रश्न पूर्ण वाचला. थोडक्यात असा की मुलगा २२ महिन्यांचा, वजन १० किलो ६०० ग्रॅम, संभाजीनगरात बीड बायपासला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, तुम्ही बँकेत, मिस्टर वाळूजला कंपनीत शिफ्टमध्ये, आणि दिवसभर अंबाजोगाईहून आलेल्या सासूबाई सांभाळतात. लेकरू गाणी लावल्याशिवाय तोंड उघडत नाही, दिवसात चार बाटल्या दूध पितं, रात्री बारा-साडेबाराला झोपतं, मोबाईल काढला की फरशीवर डोकं आपटतं, शब्द दहा-बाराच बोलतं. आणि शेवटी विचारलंय की भूक लागायचं टॉनिक कोणतं देऊ, आणि प्ले ग्रुपला घालू का.

मी लहान मुलांची डॉक्टर आहे, संभाजीनगरातच बरीच वर्षं प्रॅक्टिस करते, आणि अशी लेकरं ओपीडीत रोज येतात. टॉनिक नको. भूक त्याला आहे, पण ती सगळी दुधावर भागायलीय. म्हणून सुरुवात दुधापासून करा, मग सकाळच्या उठण्याची वेळ, आणि मोबाईल तिसऱ्या नंबरवर. हा क्रम मी मुद्दाम सांगतेय कारण बहुतेक घरात उलटं होतं, रागाच्या भरात आधी मोबाईल बंद करतात, दोन दिवस घर डोक्यावर घेतं लेकरू, तिसऱ्या दिवशी आजीला बघवत नाही आणि मोबाईल परत हातात येतो, आणि लेकराला कळतं की तीन दिवस रडलं की मिळतो.

आधी वजनाचं. २२ महिन्यांच्या मुलाचं सरासरी वजन ११.८ किलोच्या आसपास असतं आणि साधारण साडेनऊच्या खाली गेलं तर आम्ही त्याला कमी वजन म्हणतो, म्हणजे तुमचा मुलगा ठीक आहे, सरासरीपेक्षा थोडा हलका आहे एवढंच. पहिल्या वर्षात लेकराचं वजन तिप्पट होतं, सहा-सात किलोची भर पडते, आणि दुसऱ्या पूर्ण वर्षात फक्त दोन-अडीच किलो वाढतं. वाढच हळू झाली तर भूकही कमीच लागणार. पण नेमकं याच वयात सगळे म्हणायला लागतात की आधी किती छान खायचा, आता काय झालं. काही झालेलं नाही. माता-बाल कार्डवर किंवा डॉक्टरांच्या फाईलमध्ये वाढीचा तक्ता असतो, त्यावर त्याचे मागचे सगळे आकडे मांडून बघा, रेष आपल्या मार्गानं वर चाललीय ना एवढं बघायचं. शेजारच्या मुलाचं वजन विचारू नका.

आता दूध. चार बाटल्या म्हणजे २५० ची बाटली धरली तर एक लिटर. या वयाला दिवसाला साधारण हजार-अकराशे कॅलरी लागतात. एक लिटर गाईच्या दुधात साडेसहाशेच्या आसपास येतात, आणि म्हशीचं असेल तर त्याहून बऱ्याच जास्त, जवळपास दिवसभराचा कोटा तिथंच संपतो. मग वरणभात कुठं ठेवायचा त्यानं? तुम्ही तासभर ताट घेऊन मागं फिरायलात आणि त्याचं पोट आधीच भरलेलं आहे, म्हणूनच मोबाईल लावावा लागतो, कारण भूक नसलेल्या लेकराला भरवायचं तर त्याचं लक्ष दुसरीकडं पाहिजे. म्हणजे मोबाईलची गरज दुधानं तयार केलीय, आणि मोबाईलमुळं झोप लांबायलीय, उशिरा झोपलं की उशिरा उठतं, उशिरा उठलं की नाश्त्याच्या जागी बाटली. एकात एक अडकलंय सगळं.

दुधाचा दुसरा त्रास दिसत नाही पण जास्त महत्त्वाचा आहे. दुधात लोह जवळजवळ नसतंच, आणि दुधातलं कॅल्शियम बाकी अन्नातलं लोहही नीट शोषू देत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या ६८.९ टक्के लेकरांच्या अंगात रक्त कमी निघालं होतं. हे फक्त गरीब घरातलं नाही बरं, फ्लॅटमधली, दूध-बिस्किटावर वाढणारी गुबगुबीत लेकरंसुद्धा यात असतात आणि त्यांच्याकडं बघून कुणालाच शंका येत नाही. लोह कमी असलं की भूक आणखी मरते, चिडचिड वाढते, झोप चाळवते, काही लेकरं रडता रडता श्वास रोखून निळी पडतात, काही माती, भिंतीचा चुना, खडू खायला लागतात. तुम्ही घरी एक बघा, दिवसाच्या उजेडात खिडकीजवळ बसून त्याचा तळहात तुमच्या तळहाताशेजारी धरा, बोटं मागं ताणू नका, आपोआप उघडा राहू द्या. तुमच्यापेक्षा स्पष्ट पांढुरका दिसला तर वाट बघू नका. आणि पांढुरका नाही दिसला तरी एक लिटर दूध पिणाऱ्या लेकराचं रक्त तपासूनच घ्यावं, कारण थोडी कमतरता असेल तर ती डोळ्याला दिसत नाही.

सरकारी पातळीवर ॲनिमिया (अंगात रक्त कमी असणं) मुक्त भारत या कार्यक्रमात सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकरांना लोहाचं औषध आठवड्यातून दोनदा १ मिली द्यायचं आहे, आशाताईंकडं किंवा आरोग्य केंद्रात फुकट मिळतं. हे रक्त कमी होऊ नये म्हणून आहे, आधीच कमी असेल तर रोजचा डोस लागतो आणि तो वजनावर ठरतो, तो तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या. लोहाचं औषध दुधासोबत द्यायचं नाही, शी काळी होते त्याला घाबरायचं नाही. जंताचं औषधही सहा महिन्यांतून एकदा, दोन वर्षांच्या आत अर्धी गोळी कुटून पाण्यात.

बाटली कशी बंद करायची ते सांगते. दिवसाचं दूध एकूण ४०० मिली, फार फार ५००, त्याच्या वर नाही, आणि ते वाटीनं किंवा पेल्यानं. सगळ्यात आधी रात्रीची झोपेतली बाटली बंद करा, कारण तीच दात किडवते, वरचे पुढचे चार दात काळे पडलेली लेकरं मी सारखी बघते. रात्री जाग आली तर पाणी. पहिल्या दोन-तीन रात्री रडेल, तुम्ही शेजारी झोपा, थोपटा, पण बाटली नको. मग दुपारची बंद करा. आठवडा-दहा दिवसांत सकाळी एक पेला आणि संध्याकाळी एक पेला एवढंच उरलं पाहिजे, तेही जेवणानंतर, जेवणाआधी नाही. बाटली धुवून कपाटात वर ठेवू नका, घरातूनच काढून टाका, नाहीतर आजारपणात परत निघते. आणि दूध कमी केलं म्हणून त्याच्या जागी चहात बुडवलेला टोस्ट किंवा बटर द्यायचं नाही, चहा लोहाचा शत्रू आहे, या वयाला चहाचा घोटसुद्धा नको.

खायला काय, तर तुमच्याच स्वयंपाकातलं. सासूबाई अंबाजोगाईच्या आहेत म्हणजे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहिती असणार. ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी गरम आहे तोवरच पापुद्रा काढून बोटांनी अगदी बारीक कुस्करायची, थंड झाली की ती कोरडी होते आणि घशात अडकते. त्यावर घट्ट वरण, चमचाभर तूप, लिंबाचे चार थेंब पिळायचे, आणि पाच मिनिटं झाकून ठेवायचं, मग तो काला मऊ होतो आणि लेकराच्या हातात धरता येतो. लिंबू चवीसाठी नाही, त्यातल्या क जीवनसत्त्वानं भाकरी-डाळीतलं लोह जास्त शोषलं जातं. मोसंबी, पेरू, आवळा हेही त्याच कामाचं, आणि मोसंबी तर आपल्या जालन्याचीच मिळते. अंडं चालत असेल घरात तर रोज एक. मेतकूट-भात, मऊ धपाटा दह्यासोबत, मुगाची खिचडी, शेंगदाण्याचं कूट आणि तीळ घालून भाजी, हे सगळं चालतं. येसराची आमटी कमी तिखट करून भातावर दिली तर बरीच लेकरं आवडीनं खातात.

पण शेंगदाणे कूट करूनच. अख्खा शेंगदाणा, फुटाणे, हुरड्याचे अख्खे दाणे, सीताफळाची बी काढलेली नसेल ते, हे चार-पाच वर्षांपर्यंत नको. श्वासनलिकेत दाणा अडकलेली लेकरं दरवर्षी येतात, आणि बऱ्याच वेळा तेव्हा ते पळत होतं, हसत होतं किंवा मोबाईल बघत तोंडात घास धरून बसलेलं होतं. अडकलं आणि खोकताही येत नसेल, आवाज निघत नसेल तर पालथं झुकवून दोन्ही खांद्याच्या मधे तळव्यानं पाच थापट्या, तरी नाही निघालं तर मागून धरून बेंबीच्या थोडं वर पाच वेळा आत-वर दाब, पुन्हा थापट्या, आणि कुणीतरी तोवर १०८ ला फोन. बोट आंधळं घशात घालायचं नाही, आत ढकललं जातं. हे सासूबाईंना हात धरून दाखवा, दिवसा त्याच असतात घरी.

भरवायचं कसं याचा माझा सगळ्यात ठाम सल्ला, काय द्यायचं आणि कधी द्यायचं ते तुम्ही ठरवा, किती खायचं ते त्याला ठरवू द्या. दिवसात तीन जेवणं आणि मधे दोन छोटे खाऊ, मधल्या वेळात पाणी सोडून काही नाही, बिस्किटसुद्धा नाही. खाली जुनी चादर अंथरा, त्याची छोटी ताटली, त्याचा चमचा, आणि शेजारी मोठ्यांपैकी कुणीतरी स्वतःचं ताट घेऊन जेवायला बसलेलं पाहिजे. सासूबाई आधी त्याला भरवतात आणि नंतर एकट्या जेवतात ना? त्यांना म्हणा सोबतच जेवा. सांडू द्या, केसाला लागू द्या. वीस-पंचवीस मिनिटं, मग ताट उचला, रागावू नका, मागं फिरू नका, दोन घास खाऊन उठला तर उठू द्या, पुढच्या वेळी भूक लागून येईल. पहिले चार-पाच दिवस खरंच कमी खाईल आणि तुमच्या पोटात गोळा येईल. लघवी नीट होतेय आणि खेळतंय तोवर थांबायची हिंमत ठेवा.

आता झोप, आणि इथं मला मिस्टरांशी बोलायचंय. तुम्ही लिहिलंय की सेकंड शिफ्टच्या आठवड्यात ते बाराच्या सुमाराला घरी येतात आणि लेकरू त्यांची वाट बघत जागं राहतं. वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्याला शिफ्टमध्ये काम करणाऱ्या किती घरांत मी हे बघते. दिवसभर राबून आलेल्या बापाला लेकरू जागं दिसलं तर त्याला उचलून घ्यावं वाटणारच, आणि लेकरालाही बाप हवाच आहे, यात चूक कुणाचीच नाही. पण मग त्या आठवड्यात सकाळ बापाची करा. सातला लेकराला उठवायचं ते बाबांनी, अंघोळ बाबांनी घालायची, आठच्या आत अर्धा तास खाली घेऊन जायचं तेही बाबांनी, आणि नंतर त्यांनी परत खुशाल झोपावं. आठवडाभरात लेकराला कळतं की बाबा सकाळी भेटतात. फर्स्ट शिफ्टचा आठवडा असेल तर हेच संध्याकाळी.

या वयाला दिवसाची डुलकी धरून ११ ते १४ तास झोप लागते. रात्री नऊ-साडेनऊला झोपवायचं असेल तर त्याच्यावर झोपण्याची जबरदस्ती करून उपयोग नाही, सकाळी उठवायची वेळ पक्की करा, रात्री कितीही उशीर झालेला असला तरी सातला उठवायचंच, सुट्टीच्या दिवशीपण. दुपारची झोप एकच, साडेतीनच्या पुढं नको. जेवणानंतर मोठे दिवे बंद, टीव्ही बंद, अंग पुसणं, एखादं गाणं, आणि रोज तोच क्रम. साधारण दहा-बारा दिवसांत रात्रीच्या झोपेची वेळ अलीकडं येते.

मोबाईल. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलंय की दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको, दोन ते चारमध्ये जास्तीत जास्त एक तास आणि तोही कमी असेल तितका बरा. गावाकडच्या आजोबांशी व्हिडिओ कॉल चालतो, कारण तिथं समोरचा माणूस उत्तर देतो. दूध कमी होऊन भूक लागायला लागली की जेवणातला मोबाईल काढणं सोपं जातं, आधी दुपारच्या एकाच जेवणातून काढा, ते जमलं की दुसऱ्यातून. पण सासूबाईंचा विचार करा ताई. साठीतली बाई, गुडघे दुखतात, तिसरा मजला, ओळखीचं कुणी नाही, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा एकटी पळत्या लेकरामागं, तो मोबाईल तिला अर्धा तास टेकू देतो. तुम्ही फक्त नियम घालून ऑफिसला गेलात तर तो पाळला जाणार नाही. दुपारी दोन तास एखादी मदतनीस बाई लावता आली तर बघा, तो खर्च टॉनिकपेक्षा कामाचा. नाहीतर एक खालचा खण त्याचा करून द्या, त्यात डबे, झाकणं, लाकडी पोळपाट, मोठे चमचे. भाजी निवडताना त्याला शेजारी बसवून गवारीच्या शेंगा एका टोपलीतून दुसरीत टाकायला द्या, त्यात सासूबाईंचं बोलणंही होतं, "ही शेंग घे, ती टाक".

बोलणं त्यातूनच येतं. २२ महिन्यांना दहा-बारा शब्द म्हणजे थोडे कमी आहेत, दोन वर्षांपर्यंत पन्नासच्या आसपास शब्द आणि "पाणी दे", "बाबा आले" अशी दोन शब्दांची वाक्यं अपेक्षित असतात. मला शब्दांपेक्षा बाकीचं जास्त महत्त्वाचं वाटतं. नाव घेतलं की वळून बघतो का, हवं ते बोट करून दाखवतो का, विमान दिसलं की तुमच्याकडं बघून तुम्हालाही दाखवतो का, "चप्पल आण" म्हटलं की आणतो का. हे सगळं असेल तर मोबाईल बंद करून दोन महिने भरपूर बोला, बहुतेकांची गाडी सुटते. यातलं काही नसेल, किंवा आधी बोलायचा ते शब्द गेले असतील, तर दोन महिने थांबायचं नाही, लगेच दाखवायचं, आणि कानाची तपासणी आधी करायची. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा पातळीवर यासाठी लवकर निदानाची केंद्रं आहेत, तिथं तपासणी आणि थेरपी मोफत असते. "याचा बापही उशिरा बोलला होता" हे ऐकून वर्ष घालवू नका. आणि घरी मराठीतच बोला, इंग्लिश शाळेत जायचंय म्हणून या वयात त्याच्याशी तोडकं इंग्लिश बोलायची काही गरज नाही.

डोकं आपटण्याचं घाबरू नका. दीड ते तीन वर्षांत हे सगळ्यात जास्त असतं, मनात खूप काही आणि सांगायला शब्द कमी. डोक्याखाली गोधडी सरकवा, जवळ बसा, बोलू नका फार, समजावू नका, मोबाईल देऊ नका, शांत झालं की उचलून घ्या. घरातल्या तिघांनी एकच वागायचं. भुकेच्या आणि झोपेच्या वेळी हे जास्त होतं, म्हणून वरचं सगळं रुळावर आलं की हेही अर्धं कमी होतं.

एक विचारलेलं नाही तुम्ही पण सांगतेच. आपल्याकडं नळाला पाणी काही दिवसांच्या अंतरानं येतं, घरोघर ड्रम, टब, बादल्या भरून ठेवलेल्या असतात. या वयाचं लेकरू डोक्यानं जड असतं, बादलीत वाकलं तर उलटं जातं आणि स्वतःहून बाहेर येत नाही, वीतभर पाणीसुद्धा पुरतं, आणि आवाज होत नाही. बाथरूमला बाहेरून वर कडी लावा, ड्रमला घट्ट झाकण, रिकामी बादली पालथी. तेच साठवलेलं पाणी डेंग्यूच्या डासाचं घर असतं, आठवड्यातून एकदा ड्रम आणि कूलरची टाकी पूर्ण रिकामी करून घासून कोरडी करा. गॅलरीला जाळी नसेल तर याच आठवड्यात बसवून घ्या, आणि गॅलरीत खुर्ची, स्टूल, रिकामं कुंडं ठेवू नका, तो चढणार. फिनाईल, ॲसिड कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीच नाही.

उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर गेला की खेळणं सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर. पण रोज बाहेर न्या. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाड्या पुढंमागं होतात, तिथं नको. हिमायत बाग, सिद्धार्थ उद्यान सुट्टीच्या दिवशी. रोजच्यासाठी जवळची कुठलीही मोकळी जागा चालते, चपला काढून मातीत पळू द्या.

प्ले ग्रुपचं विचारलंत. तीन वर्षांच्या आत शाळेची घाई नको, नव्या शैक्षणिक धोरणातही पूर्वप्राथमिक शिक्षण तीनपासूनच धरलंय. सासूबाईंना झेपत नसेल तर चांगलं पाळणाघर बघा, तिथं टीव्ही चालू असतो का, एका बाईकडं किती लेकरं आहेत, बाथरूममध्ये भरलेल्या बादल्या आहेत का, हे न सांगता दुपारी जाऊन बघा. आणि २०१७ च्या मातृत्व लाभ कायद्यातल्या दुरुस्तीपासून ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेनं पाळणाघराची सोय करायची असते आणि आईला दिवसातून चार वेळा तिथं जायची मुभा असते, तुमच्या एचआरला एकदा लेखी विचारून बघा.

दीड वर्षाचे बूस्टर झालेत का कार्डवर बघा, डीपीटी, पोलिओ आणि गोवर-रुबेलाचा दुसरा डोस. सोबत अ जीवनसत्त्वाचा डोसही, तो पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी असतो. रक्ततपासणीला जाल त्याच दिवशी हे कार्ड सोबत न्या, राहिलेलं काही असेल तर तिथंच होऊन जाईल. रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिनसोबत एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) आणि आरडीडब्ल्यू (त्या पेशींच्या आकारातला फरक) हे दोन आकडे असतील, तेही लिहून कळवा, त्यावरून लोहच कमी आहे का याचा अंदाज येतो.